सगुणाबाईच्या वरणातलं पाणी

त्या वर्षीच्या उपवासकाळात मी राग सोडला.

आमच्या चर्चमध्ये रीतच आहे. राखेच्या बुधवारी बायांनी एकेक करून उठायचं आणि पुढचे चाळीस दिवस काय सोडणार ते सगळ्यांपुढं सांगायचं. महिला मंडळाच्या उषाबाईंनी चहा सोडला. कौसल्येनं मिश्री सोडली. ती दर वर्षी सोडते आणि तिसऱ्या दिवशी तिचे दात पुन्हा काळे होतात. माझी पाळी आली. मी पदर सारखा केला, मागच्या बाकाकडं एक नजर टाकली आणि म्हणाले, "यंदा मी राग सोडते."

बाया भारावल्या. पाळकसाहेबांनी मान डोलावली. मागच्या बाकावर माझी धाकटी जाऊ सगुणा खाली बघत बसली होती. अकरा वर्षं ती माझ्याशी बोलत नव्हती. म्हणजे राग होता तिचा, आणि सोडला मी. इतकं बिनकष्टाचं व्रत साऱ्या मराठवाड्यात कुणी केलं नसेल.

वाटूरच्या अलीकडं आमचं गाव. गावाच्या उगवतीला पंचवीस-तीस घरांची आमची ख्रिस्ती वस्ती, आणि तिच्यात एका अंगणाला तोंड करून दोन घरं. एक माझं आणि मास्तरांचं, म्हणजे आमच्या धर्मराज मास्तरांचं. दुसरं त्यांच्या धाकट्या भावाचं, देवानंदचं आणि सगुणाचं. अंगण एक, हौद एक, कपडे वाळवायची दोरी एक. बोलणं तेवढं नाही. पण एका अंगणात न बोलून कसं भागेल? म्हणून सगुणा शेळीला सांगायची आणि मी देवाला.

"शेळे, हौद भरलाय बरं का. कुणाला पाणी घ्यायचं तर घ्या म्हणावं."

"देवा, तुझे उपकार. कुणी तरी झाकण बी ठेवलं असतं तर बरं झालं असतं."

शेळी निदान मान तरी हलवायची.

आता माझ्याविषयी. मी ओव्या रचते. आईनं जात्यावर शिकवलं. दळण सरायच्या आत दोन-चार कडवी जुळायचीच. हळद असो, बारसं असो, नाताळ असो, पंचक्रोशीतल्या बाया म्हणायच्या, "मालनबाईला बोलवा, तिच्या जिभेवर गाणं नांदतं." मला ते खरं वाटायचं. जिभेवर आणखी काय काय नांदतं, ते विचारायला कुणी आलं नाही.

उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या पोटात कळ उठली. उजव्या बरगडीखालून निघून पाठीत शिरायची. जालन्याच्या दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, पिशवी काढावी लागेल. टेबलावर निजवलं तेव्हा मी देवाला पोरीबाळींची आठवण करून देणार होते, पण मनात आलं ते भलतंच. मी इथंच गेले, तर सगुणा माझ्या मातीला येईल आणि तिथंसुद्धा शेळीशीच बोलेल. डोळ्यांत टचकन पाणी आलं. एकदा तरी तिनं मला अक्का म्हणून हाक मारावी, मग काय व्हायचं ते होवो, असं वाटलं. तेवढ्यात तोंडावर भुलीचा मुखवटा आला.

शुद्धीवर आले तर उशाशी बाटली. बाटलीत सतरा खडे. गावात सांगताना मी ते बावीस केले.

आमची लेक बेबीनंदा परभणीहून आली होती. दवाखान्यात राहिली, मला घरी आणून सोडलं, पण तिच्या मुलांच्या परीक्षा, ती गेली. मास्तरांना एक चहा येतो, तोही दूध फाटेपर्यंत उकळतात. एका टाक्यात पू झाला होता. वाकायचं नाही, उचलायचं नाही, उजवा हात डोक्याच्या वर न्यायचा नाही, चर्चपर्यंतसुद्धा चालायचं नाही. तेल-तूप बंद. चार माणसं भेटायला आली की मी सुस्कारा सोडून म्हणायची, "उपवासकाळ हाये ना, समदं सोडलंय." डॉक्टरचा कागद उशीखाली आणि पुण्य माझ्या नावावर.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरच्या माझ्या बाजेजवळ सगुणा आली. हातात वाटी. वाटी स्टुलावर ठेवली आणि अंगणातल्या खुंट्याकडं तोंड करून म्हणाली, "शेळे, डाक्टरनं पातळ वरण सांगितलंय म्हणं. आपल्याला काय, पातळ करायची सवयच हाये."

मी वाटीत पाहिलं. वरच्या पत्र्याचं भोक तिच्यात लख्ख दिसत होतं.

"देवा," मी म्हणाले, "सूड घ्यायची बी काही येळ आसती का न्हाई?"

"शेळे, थंड झाल्यावर चव ऱ्हात न्हाई."

मी प्याले. चव होती. हळद, मीठ, जिऱ्याचा नुसता वास. आणि तरी चव होती. सगुणाच्या हाताला चव होती, हे मी अकरा वर्षांत विसरले होते. खरं म्हणजे, गावाला मीच विसरायला लावलं होतं.

ते असं. बेबीनंदाच्या लग्नात, हळदीच्या जेवणाला, सैपाक सगुणाकडं होता. तेव्हा तिची सोळा गावांत ख्याती. पंगत बसली आणि दोनशेची साडेतीनशे माणसं झाली. त्या पंगतीला पातळ वरण वाढलं गेलं. नवरदेवाकडच्या बाया कुजबुजायला लागल्या. आणि मी, नवरीची आई, डफ घेऊन उभी राहिले आणि गायले:

सगुणाबाईचं वरण, वाढिलं गं द्रोणात
आभाळाचे तारे मोजा, डाळ दिसंना कोणात

बाया हसून लोटपोट. मला चेव आला.

सगुणाबाईच्या वरणाला, गोदावरीचं माहेर
डाळ गेली बुडी मारून, अजून येईना बाहेर

व्याहीण हसली, लग्न पार पडलं, माझं नाव झालं. गाणं तिथं थांबलं नाही. परतूरपासून मंठ्यापर्यंत हळदीत बाया ते गायला लागल्या. ज्यांनी सगुणाला पाहिलंही नाही, त्या सुद्धा. दुसऱ्या दिवसापासून सगुणाचं बोलणं बंद. मी सगळ्यांना सांगत फिरले, "हळदीचं गाणं ते, कुणी मनावर घेतं का? मन कोतं, दुसरं काय."

उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात पाळकसाहेब प्रार्थनेला आले. कोवळा माणूस, नुकता शिकून आलेला. प्रार्थना झाली, खडे पाहून झाले, मग ते हळू आवाजात म्हणाले, "मालनबाई, एक विनंती. जुन्या वहीत पाहिलं. सगुणाबाई अकरा वर्षं प्रभुभोजन घेत नाहीत. पवित्र गुरुवारी भाकर आणि कप घ्यायला सगळे पुढं येतात, त्या बाकावर बसून राहतात. विचारलं तर म्हणाल्या, मनात राग हाये, तो घेऊन प्रभूच्या मेजाकडं कसं जाऊ? तुम्ही मोठ्या. तुम्हीच काही तरी करा."

मी फुगले. पाळकसाहेब गेल्यावर दिवसभर शब्द जुळवत बसले. दुसऱ्या दिवशी सगुणा वेणी घालायला आली. माझा हात वर जात नव्हता, म्हणून तेही काम तिच्याकडंच आलं होतं. तेल बंद म्हणून केसांनासुद्धा तेल लावायचं नाही, अशी मास्तरांनी समजूत करून घेतली होती. कोरडे केस ती अल्लद सोडवत होती, एकही ओढला जात नव्हता. मला गहिवरून आलं. मी देवाला मध्ये न घेता सरळ म्हणाले, "सगुणा, मी तुला माफ केलं."

फणी थांबली.

"ऐकलं का गं शेळे?" मागून आवाज आला. "मला माफ केलं म्हणं."

फणी स्टुलावर पडली. पावलं गेली. एका बाजूची वेणी झाली होती, दुसरी बाजू मोकळी. त्या अवतारात दुपारभर मी बसले. दोन बाया विचारपूस करायला आल्या. कौसल्या म्हणाली, "ही काय नवीन फॅशन आली का वं जालन्याची?" मी हसले नाही, कारण हसलं की टाके ओढायचे.

संध्याकाळी मास्तर चहा घेऊन आले. माझं डोकं बघून काही विचारलं नाही. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, कधी गप्प बसावं ते त्यांना कळतं. पण मीच बोलले.

"बघा हो, मी माफ केलं तर ही आशी उठून गेली."

"तू माफ केलं? कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हंजी? अकरा वर्षं बोलत न्हाई ती."

मास्तरांनी बशी खाली ठेवली. "मालन, त्या दिवशी पंगत वाढली तवा मी सैपाकाच्या मांडवात होतो. सगुणा म्हणत होती, डाळ आणखी शिजायला टाकते, अर्धा घंटा थांबवा लोकायला. तू म्हणलीस, व्याही बसलेत, थांबायचं बिलकुल न्हाई, पाणी घाल. ती न्हाई म्हणली. तू म्हणलीस, मी मोठी हाये, माझ्या जिम्म्यावर घाल. तीन घागरी घातल्या. दोन मीच आणून दिल्त्या."

"मंग हे तुम्ही अकरा वर्षं बोलला का न्हाईत?"

"तू कधी इचारलंच न्हाई. आन तू गात व्हतीस. गाताना तुला मधी बोललेलं चालत न्हाई."

मला वाटतं, माणूस गोष्टी विसरत नाही; त्यांच्यावर गाणं अंथरतो. मला तीन घागरी आठवत होत्या. घागरीचा पितळी रंग आठवत होता, सगुणाची "अक्का, नका ना" आठवत होती. व्याहिणीची नजर माझ्यावर येत होती, ती मी डफ वाजवून सगुणाकडं वळवली. आणि मग दर वर्षी, पवित्र गुरुवारी, प्रभुभोजनाला रांगेत पहिली मी. मागं बाकावर ती. जिच्यावर अन्याय झाला ती उपाशी आणि जिनं केला ती भाकर मोडून खात होती. तिच्या वाटणीची अकरा वर्षं मीच खाल्ली म्हणा ना. पोटात खडे झाले नसते तरच नवल.

सकाळी सगुणा आली. राहिलेली अर्धी वेणी घातली. गाठ मारताना मी म्हणाले, "सगुणा, चुकलं माझं. पाणी मी घालाया लावलं."

ती फणीत अडकलेले केस काढत राहिली. मला वाटलं, शब्द कमी पडला. माझ्याकडं शब्दांची काय कमी? मी म्हणाले, "तुझ्यावर नवी ओवी रचते. रात्री दोन ओळी जुळल्या बी. आईक." आणि टाके सांभाळत हळू आवाजात सुरू केलं:

सगुणाबाईचं वरण, केशरावाणी पिवळं
त्याच्या वासानं गं आलं, सारं गाव चुलीजवळ...

"शेळे!" सगुणा इतक्या जोरात म्हणाली की शेळी खरंच उठून उभी राहिली. "त्यायला सांग, मला गाण्यात घालू नका. अकरा वर्षं मी एका गाण्यात राहून राह्यले. सैपाकाला कुणी बोलवंना. लगनात गेले की पोरी तोंडाला पदर लावून हसतेत. परतूरच्या बाजारात एक बाई मला म्हणली, तूच का ती पाण्याची सगुणा? आता केशराच्या गाण्यात टाकायलेत. मला तिथून बाहेर काढा म्हणावं, दुसऱ्या खोलीत नगं."

तिनं पदरानं नाक पुसलं आणि शेळीला हळूच सांगितलं, "सांगायचं आसंल तर साधं सांगा म्हणावं. ज्यायच्याफुडं गायलं त्यायच्याफुडं."

झावळ्यांच्या रविवारी मला चर्चला जाता आलं नाही. आमच्याकडं ताडमाड नाहीत. ओढ्याकाठच्या शिंदीच्या फांद्या तोडतात. मास्तरांनी एक फांदी आणून बाजेला बांधली. तिचे काटे दोनदा हाताला लागले. मंगळवारी संध्याकाळी आजाऱ्याच्या घरी म्हणून प्रार्थना आमच्या ओसरीवर ठरली. अशा प्रार्थनेत आजाऱ्यानं साक्ष द्यायची असते: देवानं कसं तारलं ते. बाया सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या. सगुणा आत चुलीशी, चहाच्या आधणापाशी.

उषाबाई म्हणाल्या, "मालनबाई, साक्ष ओवीतच होऊ द्या. लई दिस झाले आयकून."

"ओवी न्हाई," मी म्हणाले. "साधंच बोलते."

बाजेवर उशीला टेकून मी बोलायला लागले. आणि फजिती झाली. जन्मभराची खोड, साधं बोलायला गेले की यमक पायात येई.

"बायांनो, माझ्या लेकीच्या हळदीच्या दिवशी मी एक पाप केलं, आन स्वतःच्या अंगावरचं दुसरीच्या अंगावर नेलं—"

"वा!" कौसल्या म्हणाली. "सुरुवात झ्याक जमली."

"जमली न्हाई, आपोआप झालं. थांबा. त्या वरणात पाणी मी घालाया लावलं, ती नको म्हणत होती तरी मी तिला दटावलं—"

"वा वा!" दोघी-तिघींनी टाळीसुद्धा दिली.

मला घाम फुटला. एक वाक्य, ज्याला शेपूट नाही, घुंगरू नाही, असं वाक्य मला येईना. मी डोळे मिटले आणि मास्तर हजेरी घेताना बोलायचे तसं, एकेक शब्द तोडून बोलले.

"सगुणानं वरण चांगलं केलं होतं. लोक जास्त झाले. ती म्हणली थांबा. मी ऐकलं न्हाई. तीन घागरी पाणी मी घालाया लावलं. मंग व्याहीण मला हसू नये म्हणून मी सगुणावर गाणं केलं. ते खोटं होतं. बस."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात ओबडधोबड कडवं, आणि त्याला दाद कुणी दिली नाही.

शेवटी उषाबाई म्हणाल्या, "म्हंजी पाणी तुम्ही घातलं?"

"मी."

"आन मी ते गाणं माझ्या तिन्ही पोरींच्या हळदीत म्हणले! आन सगुणाला सोडून त्या वाटूरच्या आचाऱ्याला बोलावलं. त्यानं आमटीत इतकं मीठ घातलं की जावई अजून बोलून दाखवतो!"

कुणी तरी फिस्सकन हसलं. उषाबाईंना मात्र हसू आलं नाही. त्या उठल्या आणि आत चुलीकडं गेल्या. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, मान लांब केली तरी. बाहेर आल्या त्या चहाचे कप घेऊन. सगुणा काही बाहेर आली नाही. ओसरीवरच्या बाया माझ्याकडं बघत होत्या, तशा त्या पूर्वी कधी बघत नव्हत्या. मला वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटतं. हलकं कुठलं, उघडं वाटलं.

बुधवारी सगुणा आली, वाटी ठेवली, वेणी घातली. शेळीलाही काही बोलली नाही. मी म्हटलं, गेलं. होतं ते बोलणंही बंद झालं.

पवित्र गुरुवारी, चर्चच्या भक्तीआधी, पाळकसाहेब काळी पिशवी घेऊन घरी आले. आजाऱ्याला प्रभुभोजन घरीच देतात. स्टुलावर पांढरं फडकं अंथरलं. बशीत भाकर, छोट्या कपांत भिजवलेल्या मनुकांचा रस. मास्तर आणि देवानंद खाली बसले. सगुणा उंबऱ्यात, पिठाचे हात घेऊन उभी.

पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे?"

मी आदल्या दिवसापासून ठरवून ठेवलं होतं. आवाजात थोडा कंप आणून म्हणाले, "पाळकसाहेब, यंदा मी मागं राहते. अकरा वर्षं जी मागं बसली, तिला आधी..." पुढं फार सुंदर होतं, पण पाळकसाहेब माझ्याकडं बघतच नव्हते. ते उंबऱ्याकडं बघत होते.

"सगुणाबाई, तुमच्या मनातलं गेलं का?"

सगुणानं विचार केला. खोटं ती चर्चमध्ये कधी बोलली नव्हती, घरात कशाला बोलेल?

"पुरतं न्हाई गेलं," ती म्हणाली. "निम्मं गेलं."

पाळकसाहेब गोंधळले. निम्म्या रागाचं काय करायचं, ते त्यांच्या शिक्षणात आलं नसावं. त्यांनी हातातलं पुस्तक चाळलं, मिटलं. कपाळ पुसलं.

"पुरतं तर माझंही कुणाविषयीच गेलेलं नाही," ते म्हणाले. "या. बसा."

सगुणानं हात लुगड्याला पुसले. ती आली आणि बाजेच्या पायथ्याशी टेकली, माझ्यापासून जितकं लांब टेकता येईल तितकं. पाळकसाहेबांनी माझं मागं राहणं विचारातही घेतलं नाही. दोघींच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. मी डोळे मिटले. म्हणजे एक मिटला. दुसऱ्यानं बघत होते. सगुणानं तुकडा लगेच खाल्ला नाही. हातावर धरून ठेवला, अंगठ्यानं दाबून पाहिला, भाकर झाली का कच्ची राहिली ते तव्यावर बघतात तसा. मग तोंडात घातला आणि किती तरी वेळ चावत राहिली. तिचा गळा हलला. डोळ्यांतून दोन धारा लागल्या, त्या तिनं पुसल्या नाहीत.

मग कप आले. मी माझा कप हातात घेतला. माझं सगळं लक्ष तिच्याकडं.

शेळी बाहेर ओरडली. सगुणानं तिकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"अक्का," ती म्हणाली, "कप वाकडा धरून राह्यलात. सांडल ना."

मी कप सरळ धरला.